प्रवाळांचे शास्त्र आणि मराठीतील क्रियापदे

शास्त्रीय ज्ञान लोकांपर्यंत पोचवावयाचे म्हणजे प्रथम परिभाषा सिद्ध करावयाची, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. शब्द नाही म्हणून विचार पोचत नाही आणि शब्द घडविला की तो आपोआप पोचेल, अशी ह्या समजुतीमागची भूमिका असते. प्रवाळांच्या बाबतीत मात्र अडचण नेमकी उलट आहे. मराठीला येथे शब्दाची वाण नाही. शब्द फार पूर्वीपासून आहे, घरोघर ठाऊक आहे, आणि तोच वाटेत आडवा येतो.

हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी नवी मुंबईच्या खाडीकाठापासून आरंभ करणे सोयीचे होईल. राज्याच्या वनविभागातील कांदळवन कक्षाने ऐरोली येथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उभारले आहे. खाडीतील झाडे, पक्षी व जलचर यांची ओळख सामान्य नागरिकाला करून द्यावी, हा त्याचा हेतू. शेजारच्याच ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत तिचा समावेश झाला. ह्या खाडीची ओळख करून देण्याचे काम भाषेच्या दृष्टीने तितकेसे कठीण नाही. तिवर, कांदळ, खारफुटी हे शब्द किनाऱ्यावरील आगरी-कोळी वस्तीच्या बोलीत व मराठीच्या वापरात आहेतच. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवे शहर वसू लागले. तेव्हा बाहेरून आलेल्या रहिवाशाला ही झाडे म्हणजे चिखलातील निरुपयोगी झुडुपे वाटली असतील. परंतु ती झाडे आहेत, ती वाढतात आणि तोडली तर मरतात, एवढे त्याला कोणी सांगावे लागले नाही. रोहित पक्ष्यांविषयी तर बोलावयासच नको. हिवाळ्यात ते खाडीत उतरले की शब्दाचे काम डोळेच करतात.

प्रवाळ ह्या खाडीत नाहीत. बहुतेक प्रवाळांना स्वच्छ, उबदार, पुरेसे खारे आणि तळापर्यंत उजेड पोचेल असे पाणी लागते. तसेच बसावयास कठीण तळ लागतो. ठाणे खाडीचा तळ गाळाचा, पाणी गढूळ आणि पावसाळ्यात अर्धेअधिक गोडे. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील हाजीअली, वरळी येथील खडकांवर काही चिवट जातींचे प्रवाळ आढळतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी ओहोटी लागली म्हणजे ते उघडे पडतात. परंतु ते करड्या-तपकिरी रंगाचे आणि खडकाला चिकटलेले असल्यामुळे, दाखविल्याखेरीज ते कोणाच्या नजरेस येत नाहीत. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ह्या उपक्रमाद्वारे नागरिकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन असे जीव दाखविले जातात. ह्यापेक्षा विस्तृत प्रवाळ पाहावयाचे तर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात जावे लागते. म्हणजे वाशी किंवा नेरूळच्या वाचकाला प्रवाळ भेटतो तो प्रायः शब्दातूनच. म्हणून शब्दाची चौकशी आवश्यक ठरते.

संस्कृतात 'प्रवाल' शब्दाचे दोन अर्थ आहेत : कोवळा अंकुर किंवा पालवी, आणि पोवळे. ओठांना दिलेली 'प्रवाला'ची उपमा पालवीची की रत्नाची, हे पुष्कळदा सांगता येत नाही, आणि कवीला ते सांगावयाचेही नसते. प्राकृतातील 'पवाल' ह्या रूपातून मराठीत पूर्वी 'पोंवळें' असे लिहिले जाणारे 'पोवळे' आले. गुजरातीत 'परवाळां', कन्नडात 'हवळ', तमिळमध्ये 'पवळम्' अशी त्याची भावंडे आहेत. मराठीने पुढे 'पोवळे' घरात ठेवले आणि 'प्रवाळ' औषधाच्या दुकानात व पुस्तकात पाठविले. पोवळे हे नवरत्नांपैकी एक, मंगळाचे रत्न, अंगठीत बसविण्याची वस्तू. प्रवाळ म्हटले की प्रवाळपिष्टी, प्रवाळपंचामृत. प्राजक्ताचा देठ पोवळ्यासारखा, आणि पोटाखाली लालसर असणारा विषारी सापही 'पोवळा'. एकंदरीत मराठी मनात ह्या शब्दाचे दोन गुण पक्के बसले : लाली आणि काठिण्य.

ह्यात भाषेचा दोष नाही, व्यापाराचा इतिहास आहे. अलंकारात वापरले जाणारे लाल पोवळे हे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातील एका जातीचे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या बंदरात येणाऱ्या मालामध्ये त्याची नोंद आहे. जी वस्तू परदेशातून तोडलेली, घासलेली आणि भोक पाडलेली अशी आली, ती जिवंत होती हे येथील माणसाला कळावे कसे? शिवाय ही लाल जात अंधुक उजेडाच्या पाण्यात राहते आणि समुद्रात भित्ती उभारीत नाही. तात्पर्य, मालवणच्या पाण्यातील प्रवाळाची गोष्ट सांगताना 'पोवळे' शब्द योजला, की वाचकापुढे परकी, लाल आणि निर्जीव अशी तिसरीच वस्तू उभी राहते. त्याची समजूत घालावयाची म्हणजे आधी ह्या तिन्ही गोष्टी पुसाव्या लागतात.

वस्तुस्थिती अशी आहे. प्रवाळ हा समुद्रपुष्पाच्या जवळच्या नात्यातील प्राणी होय. एकेक जीव, ज्याला शास्त्रात पॉलिप म्हणतात, तो बहुधा काही मिलिमीटर रुंदीचा असतो. पिशवीसारखे शरीर, तिला एकच तोंड, तोंडाभोवती शुंडकांचे कडे, आणि शुंडकांवर भक्ष्याला दंश करणाऱ्या पेशी. हा जीव पाण्यातील कॅल्शियम घेऊन आपल्या बुडाखाली चुनखडीची वाटी बांधतो, तिच्यात बसतो, आणि वाटी उंचावत नेऊन खालचा मजला सोडून देतो. अनेक पिढ्यांच्या अशा सोडलेल्या मजल्यांचा जो डोलारा होतो, त्याला आपण प्रवाळभित्ती म्हणतो. गोलाकार, भरीव प्रवाळांची वाढ वर्षाला एखाद्या सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. खडक म्हणून दिसते ते घर, आणि त्याच्या केवळ वरच्या पातळ थरात राहणारा तो प्राणी. युरोपातही ही गोष्ट सहज मान्य झाली नाही. मार्सेचे वैद्य पेसोनेल यांनी १७२० च्या दशकात प्रवाळ वनस्पती नसून प्राणी आहे असे प्रतिपादिले, तेव्हा पॅरिसच्या विद्वत्सभेत ते मत रेओम्यूर यांनी त्यांचे नाव न घेताच मांडले. असे मत मांडणाराचे हसे होईल अशी त्यांना धास्ती होती.

कोकणच्या वाचकाला मात्र ही कल्पना अगदीच अपरिचित वाटू नये. खडकाला चिकटलेली कालवे त्याने पाहिलेली असतात. वरून दगड आणि आत जीव, हे त्याला जेवणाच्या ताटापासून ठाऊक आहे. शिंपल्या भाजून चुना काढण्याचा व्यवसायही किनाऱ्याला नवा नाही. 'कालवासारखा घर बांधणारा, पण शेकड्यांनी एकमेकांना जोडून राहणारा जीव' एवढ्या वर्णनाने जे साधते, ते 'आंतरगुही संघातील चूर्णमय कंकालयुक्त प्राणी' ह्या व्याख्येने साधत नाही. व्याख्या चुकीची नाही. ती ज्याला आधीच कळले आहे त्याच्यासाठी आहे.

शालेय भूगोलाने ह्या प्राण्याला मराठीत आणले ते 'प्रवाळ कीटक' ह्या नावाने. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पुस्तकांत त्याला किडा म्हणण्याची प्रथा होती, तिचाच हा अनुवाद. इंग्रजीने तो शब्द केव्हाच टाकून दिला, मराठीत तो अद्याप भेटतो. कीटकाला सहा पाय असतात आणि तो हिंडतो. प्रवाळाला पाय नाहीत आणि तो जन्मभर एका जागी असतो. परंतु शास्त्रीय चुकीपेक्षा व्यावहारिक हानी अधिक आहे, कारण मराठीत किडा मरतो ह्याचे दुःख कोणी करीत नाही. किडे मारावयाचेच असतात.

'वसाहत' ह्या शब्दाची कथा निराळी आहे. जोडून राहणाऱ्या पॉलिपांच्या समूहाला शास्त्रज्ञ वसाहत म्हणतात, आणि नवी मुंबईच्या रहिवाशाला ह्या शब्दाइतका परिचित शब्द दुसरा नसेल. सामायिक भिंती, सामायिक नळ, मजल्यावर मजला हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आहेच. एका पॉलिपने पकडलेले अन्न शेजाऱ्यालाही मिळते, हे ऐकून तो आपल्या गृहनिर्माण संस्थेशी तुलना करून थोडा खिन्नही होईल. उपमेची मर्यादा मात्र सांगावयास हवी. प्रवाळाच्या वसाहतीतील सारे रहिवासी एकाच मूळ पॉलिपाला फुटलेले असतात. सिडकोच्या वसाहतीत असे एकजिनसीपण कोणी शोधू नये.

ह्या वसाहतीत आणखी एक रहिवासी असतो, आणि त्याच्याविषयी बोलताना भाषेची खरी कसोटी लागते. पॉलिपाच्या पेशींमध्ये सूक्ष्म एकपेशीय शैवले राहतात. उजेडात ती अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा पॉलिपाला देतात. कित्येक जातींत प्रवाळाच्या गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा ह्या मार्गाने येते. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग बव्हंशी त्यांचाच असतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हे सहजीवन बिघडते. प्रवाळ शैवलांना बाहेर टाकतो, त्याचे पारदर्शक शरीर उरते, आणि त्यातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. प्रवाळ ह्या अवस्थेत मेलेला नसतो. पाणी लौकर निवले तर शैवले परत येतात. न निवले तर तो उपासमारीने मरतो. जगभर अशी मोठी संकटे १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ ह्या काळात आली. २०२३ मध्ये सुरू झालेले चौथे संकट एप्रिल २०२४ मध्ये अधिकृतपणे जाहीर झाले. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागा व्यापणाऱ्या प्रवाळभित्तींच्या आधाराने सागरी जातींपैकी सुमारे चतुर्थांश जाती जगतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या घटनेचे गांभीर्य कळते.

मराठीत ह्या घटनेला 'विरंजन' असे नाव दिले गेले. परिभाषा म्हणून ते निर्दोष आहे. परंतु शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्या वाचकाला त्यातून आठवते ते विरंजक चूर्ण, आणि समुद्रात कोणीतरी काहीतरी ओतले असावे असा ग्रह होतो. प्रवाळांचे 'विरंजन झाले' ह्या वाक्यात प्रवाळ कापडाच्या जागी बसतो. उलट 'पांढरे पडणे' हे साधे मराठी क्रियापद घ्यावे. भिंत पांढरी होते, कापड पांढरे करतात. पांढरा पडतो तो चेहरा. भीतीने, आजाराने, रक्त आटल्याने माणूस पांढरा पडतो, आणि पांढरा पडलेला माणूस मेलेला नसतो. 'मालवणचे प्रवाळ पांढरे पडले' एवढे म्हणताच ते जिवंत आहेत, दुखणाईत आहेत आणि बरे होण्याची शक्यता अजून आहे, ह्या तिन्ही गोष्टी एका शब्दाचाही खुलासा न करता पोचतात. शास्त्राला हवा तो अर्थ नेमका हाच आहे.

ह्यावरून एक सामान्य नियम काढता येईल. वस्तू सजीव की निर्जीव हे मराठी वाचक नामावरून कमी ठरवितो, क्रियापदावरून व विभक्तीवरून अधिक ठरवितो. 'त्याने खांब पाडला' असे आपण म्हणतो, परंतु 'त्याने मुलाला पाडले'. सजीव कर्माला बहुधा 'ला' लागतो, निर्जीवाला लागत नाही. 'पोवळे मोडले' म्हटले की बांगडी मोडल्याइतकेच दुःख. 'प्रवाळाला इजा झाली' म्हटले की कोणाला तरी काही झाले. प्रवाळ झिजला, तुटला, नष्ट झाला अशी क्रियापदे सतत वापरून मग 'प्रवाळ हे सजीव आहेत' असे एक वाक्य शेवटी जोडणारा माहितीफलक स्वतःलाच खोडीत असतो.

मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामाच्या वेळी, २०२० मध्ये, हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. वरळी व हाजीअली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती मार्गाच्या कक्षेत येत होत्या. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने त्या काढून दुसरीकडे बसविण्यात आल्या. ह्या क्रियेला काय म्हणावयाचे? वृत्तपत्रांतून 'स्थलांतर' शब्द आला. स्थलांतर पक्षी करतात आणि पोटासाठी माणसे करतात. ते आपण होऊन जातात. 'पुनर्रोपण' म्हटले तर झाड होते, 'हलविणे' म्हटले तर कपाट. 'पुनर्वसन' म्हटले तर मात्र ठाणे-रायगडच्या वाचकाचे कान टवकारतात, कारण प्रकल्पग्रस्त म्हणजे काय हे नवी मुंबईच्या मूळ गावांना शिकवावे लागत नाही. तो लगेच पुढचे प्रश्न विचारील : नवी जागा कोणी पाहिली, तेथे किती जगले, किती वर्षे कोण लक्ष ठेवणार? शास्त्रज्ञही नेमके हेच प्रश्न विचारतात. 'स्थलांतर' शब्दाने ते प्रश्न मिटतात, कारण गेलेला पक्षी आपली काळजी आपण घेतो.

कायद्याच्या बाजूनेही हा केवळ शब्दच्छल नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून भित्ती उभारणारे सर्व प्रवाळ समाविष्ट आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत. त्यांना तोडणे वा बाळगणे ह्यासाठी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. किनाऱ्यावरून शोभेसाठी पांढरा 'दगड' उचलून आणणाऱ्या कुटुंबाला हे सांगितले तर त्याला कायदाच वेडा वाटेल. तो वेडा न वाटण्यासाठी आधी दगडाचा प्राणी व्हावा लागतो.

मालवण येथे तर शब्दांनी अधिक गुंता केला. १३ एप्रिल १९८७ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्यालगतचा २९.१२ चौरस किलोमीटर परिसर 'सागरी अभयारण्य' म्हणून घोषित झाला आणि स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध होत राहिला. उदरनिर्वाहाची भीती हे त्याचे मुख्य कारण होते आणि ते कारण खरे होते. शब्द गोड असता तर विरोध झाला नसता, असे मुळीच नव्हे. तथापि 'अभयारण्य' ह्या शब्दाने त्या भीतीला आकार दिला. समुद्रात अरण्य आले म्हणजे वनखाते आले, आणि अभय मिळाले ते माशांना, म्हणजे भय उरले कोणाला, हे व्युत्पत्ती न शिकलेल्या माणसालाही समजते. भित्तीच्या आडोशाने मासळीची पिल्ले वाढतात आणि तीच पुढे जाळ्यात येतात, हा प्रवाळशास्त्रातील मच्छीमाराच्या हिताचा भाग त्या शब्दात कोठेच नाही. 'मासळीची वीण होण्याची जागा' म्हटले असते तर निदान संभाषण तेथून सुरू झाले असते.

विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, पाण्याखाली, प्रवाळांनी समृद्ध असा एक विस्तीर्ण उंचवटा आहे. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव इंग्रज नाविकांनी त्याला दिले, तेही आपल्या उच्चाराने. आज मराठीत ते नाव 'अँग्रिया बँक' असे परत आले आहे. आंग्रे हरवले ते हरवले, आणि 'बँक' शब्दाने वाचकाला पतपेढी आठवते ते वेगळेच. 'आंग्रे उंचवटा' म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.

शास्त्राने लोकांच्या तोंडचा शब्द उचलला, असे एक उदाहरण ह्याच समुद्रात आहे. मधे तलाव आणि भोवती प्रवाळांचे कडे अशा बेटांना जगभर 'ॲटॉल' म्हणतात. हा शब्द मालदीवच्या दिवेही भाषेतून इंग्रजीत गेला. दिवेही लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावरही बोलली जाते आणि ती मराठीप्रमाणेच भारतीय-आर्य कुलातील आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये प्रवाळभित्तींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा तोच शब्द स्वीकारला. मराठीने मात्र त्याचे 'कंकणद्वीप' केले. शब्द सुंदर आहे, चित्रदर्शी आहे. परंतु भगिनीभाषेतील कोळ्याचा शब्द जगाने घेतला असता आपण तो बाजूस सारून संस्कृताकडे वळलो, ह्याची नोंद भाषाभ्यासकाने करावी. मालवणी व कोळी बोलींतील समुद्रतळाविषयीचे शब्द परिभाषा घडविण्यापूर्वी गोळा करणे हे काम आजही पुष्कळ शिल्लक आहे.

दरम्यान मालवण-तारकर्लीला पर्यटक समुद्रात उतरू लागले. त्यांच्या पायांनी व हातांनी, तसेच नौकांच्या नांगरांनी तेथील प्रवाळांची मोडतोड होते, हे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदविले. नौकेवरील मार्गदर्शकाला पर्यटक पाण्यात उतरण्यापूर्वी एखादा मिनिट मिळतो. तेवढ्यात पॉलिप, शैवल, विरंजन ह्यांतले काही सांगता येत नाही, आणि 'प्रवाळांना हानी पोहोचवू नये' हे वाक्य लाटांच्या आवाजात कोणी ऐकत नाही. त्याच्या स्वतःच्या बोलीत ह्या प्रसंगासाठी दोन शब्द तयार आहेत : 'जितां आसा'. ते जिवंत आहे, त्याच्यावर पाय देऊ नका, एवढे त्याला सांगावयाचे असते.